भिंतीवरच्या ह्या बायका कोण?

गेल्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच माझ्याकडे इंग्लंडला आली. यॉर्कशरमध्ये आम्ही राहतो त्या गावातल्या एका कॅफेत मी तिला एका सकाळी घेऊन गेले. चहा आला, पण आईचं लक्ष समोरच्या भिंतीवर होतं. तिथे पत्र्यावर छापलेला, चार फूट रुंदीचा काळापांढरा फोटो होता. इतका लखलखीत की खिडकीतला उजेड त्यात हलताना दिसत होता. फोटोत एक भलंमोठं दालन, अरुंद लांबच लांब टेबलं आणि बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, अंगावर सारखंच कापड. रांगेमागे रांग, पार मागपर्यंत.

"ह्या कोण गं बायका?" आईनं विचारलं. "सगळ्या एकाच ताग्यातल्या कापडात?"

मला उत्तर माहीत होतं, कारण तो फोटो मी आधी पाहिला होता. लंडनच्या सेंट पॅन्क्रस वर्कहाउसमधलं ते दुपारचं जेवण, १९०० च्या सुमाराचं. ज्यांना घर नाही, काम झेपत नाही, पोटच्या पोरांना सांभाळायला जमत नाही, अशा म्हाताऱ्यांना इथलं सरकार त्या काळी जिथे ठेवायचं, ती ही जागा. काउंटरवरच्या मालकीणबाईंना मी विचारलं, तर त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भिंतीचा करडा रंग आणि फोटोचा रंग जुळत होता, आणि जुन्या काळचं जेवण म्हणजे कॅफेला शोभेल असं वाटलं, म्हणून त्यांनी तो मागवला होता. बाई भली आहे. तिच्या मनात कुणाचा अपमान करायचं नव्हतं. पण आईचा प्रश्न तिथेच टेबलावर पडून राहिला आणि तेव्हापासून माझ्याही मनातून जात नाही.

आपल्याकडे घराच्या भिंतीवर माणसाचा फोटो लागतो तो बहुतेक वेळा ते माणूस गेल्यावर. कुंकवाचं बोट, चंदनाचा हार, वर्षातून एकदा फडक्याने पुसलेली काच. आलेला पाहुणा पाणी पिता पिता विचारतो, "हे कोण?" आणि घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही सांगता येतं, की हे आजोबांचे थोरले भाऊ, फौजेत होते. ज्याचं नावगाव घरात कुणालाच सांगता येत नाही अशा मेलेल्या माणसाचा फोटो आपण भिंतीवर लावत नाही. लावलाच, तर घरातली म्हातारी माणसं तो उतरवायला लावतात. आईचा प्रश्न त्या सवयीतून आला होता. मला ती सवय योग्य वाटते, आणि तिच्याच आधारे मला म्हणायचं आहे की वर्कहाउसचे फोटो शोभेची वस्तू म्हणून विकू नयेत आणि शोभेसाठी भिंतीवर लावू नयेत. माहिती म्हणून लावावेत, आठवण म्हणून लावावेत, अगदी मोठे करून लावावेत. पण "हे कोण?" या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोच्या अंगावर लिहिलेलं असलं पाहिजे.

वर्कहाउस म्हणजे काय होतं हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझा आग्रह उगाचचा वाटेल. इंग्लंडमध्ये १६०१ पासून गोरगरिबांची जबाबदारी ज्या त्या गावावर असे. गावाने कर गोळा करायचा आणि आपल्यातल्या निराधारांना घरबसल्या थोडे पैसे, पाव, सरपण द्यायचं. पुढे हा खर्च वाढला, कर भरणारे कुरकुरू लागले आणि १८३४ साली पार्लमेंटने नवा कायदा केला. एडविन चॅडविक आणि नॅसॉ सीनियर हे त्यामागचे मुख्य लोक. त्यांचं तत्त्व असं, की मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. म्हणजे अगदी गळ्याशी आल्याशिवाय कुणी दार ठोठावणार नाही. मग इंग्लंड आणि वेल्समधली गावं एकत्र करून सुमारे ६०० संघ केले आणि जवळजवळ प्रत्येक संघाने आपलं वर्कहाउस बांधलं.

त्या दारातून आत गेलं की पहिल्यांदा अंगावरचे कपडे काढून घेत. आंघोळ घालून वर्कहाउसचे कपडे देत. मग नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. मध्ये उंच भिंती. चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपंही वेगळं व्हायचं. १८४७ नंतर साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मागता येऊ लागली, पण ती सहसा मिळत नसे. पुरुषांना खडी फोडायचं काम. बायकांना धुणी, फरशा, आणि म्हाताऱ्यांना ओकम, म्हणजे डांबर माखलेले जुने जहाजाचे दोर बोटांनी उसवून त्यांचे तंतू सुटे करायचे. ते तंतू पुन्हा जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला जात. दोर कडक, डांबराने घट्ट झालेले. नखं तुटत, बोटं सोलत. जेवणाला पाव, चीज, ओटची पातळ पेज, सगळं मापून. जेवणघरात वजनकाटा असे आणि आपला वाटा समोर तोलून मागण्याचा नियमाने हक्क होता. भुकेल्या माणसाला पोट भरण्याचा हक्क नव्हता, तोलून घेण्याचा होता.

अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडं कुटायचं काम होतं. तिथली माणसं इतकी उपाशी होती की कुटायला आलेल्या सडक्या हाडांवरचे चिवट मांसाचे तुकडे आणि आतला मगज काढून खात होती. हे १८४५ मध्ये बाहेर आलं, देशभर बोभाटा झाला, पार्लमेंटने चौकशी लावली आणि दोन वर्षांत या सगळ्या घरांवर देखरेख करणारा आयोग बरखास्त करून नवं मंडळ नेमावं लागलं. पण घरं चालूच राहिली. मदत घेणाऱ्याचा मताचा हक्क जायचा, तो १९१८ पर्यंत. आणि मेल्यावरही सुटका नव्हती. १८३२ च्या कायद्याने असं ठरलं होतं, की ज्या मृतदेहावर कुणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी देता येईल. वर्कहाउसमध्ये मेलेल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला हेच यायचं. म्हणून इथल्या गरिबांना मरणापेक्षा वर्कहाउसमधल्या मरणाची धास्ती होती. दफनाचा खर्च निघावा म्हणून लोक अर्धपोटी राहून आठवड्याला पेनी पेनी साठवत.

आता हे डोळ्यांपुढे ठेवून फोटोकडे या. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टी म्हणतो. "मी फोटो काढून घेतला" आणि "माझा फोटो काढला". पहिल्यात माझी इच्छा आहे, मी स्टुडिओत गेले, केस विंचरले, पैसे दिले. दुसऱ्यात मी फक्त समोर होते. वर्कहाउसमधले जवळजवळ सगळे फोटो दुसऱ्या प्रकारचे आहेत. जिला चहा कधी मिळणार, नवऱ्याला कधी भेटता येणार, दाराबाहेर कधी जाता येणार हे सगळं दुसरा कुणी ठरवतो, तिच्यासमोर कॅमेरा लावला तर ती काय म्हणणार? ती गप्प बसणार आणि सांगितलं तिकडे बघणार. कपडे काढून घेतले, मुलं काढून घेतली, त्याच रांगेत तिचा चेहराही तिच्याकडून काढून घेतला गेला. "काढून घेणे" या शब्दाचा हा दुसरा अर्थ मला या फोटोंपुढे उभं राहिलं की टोचतो.

त्याच काळातल्या गरिबांचे पहिल्या प्रकारचे फोटोही आहेत, आणि तेही पत्र्यावरचेच. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर काळा लेप देऊन त्यावर थेट फोटो उमटवायचा, त्याला टिनटाइप म्हणत. जत्रेत, समुद्रकिनारी फोटोवाले हातगाडी घेऊन फिरायचे. काही पेन्यांत, काही मिनिटांत फोटो हातात. गिरणीतली पोरगी, धुणंवाली, सुटीला आलेला हमाल, असे लोक स्वतःच्या मर्जीने उभे राहिले आहेत. कुणी टोपी तिरकी केली आहे, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकला आहे. अशा पत्र्यांचा एक डबा मी इथल्या जुन्या बाजारात तासभर चाळला होता. नावं तिथेही नव्हती, पण प्रत्येक चेहऱ्यावर "माझा काढ" असं लिहिलेलं होतं. गरिबांच्या चेहऱ्यांनी घर सजवायची कुणाला खरोखर ओढ असेल, तर त्याने हे फोटो शोधावेत.

आजचा पत्रा वेगळा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खास लेप देतात, कागदावर उमटवलेली शाई सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत त्यावर दाबतात, शाईची वाफ होऊन ती लेपात मुरते. चित्र ठळक येतं, रंग विटत नाही, पाणी लागलं तरी बिघडत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतं. म्हणून हे फोटो स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात लावायला चांगले असं विकणारे सांगतात. तापवलेल्या पेजेसाठी रांगेत बसलेल्या बायका ओट्याच्या वर. कपडे उतरवून घेऊन ज्यांना टबात बसवलं त्या बायका न्हाणीघरात. विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने हा विचार केलेला नसतो हे मला कळतं. मी म्हणते आहे ते एवढंच, की विचार करण्याची जागाच त्या पत्र्यात ठेवलेली नाही.

हे जागेचं म्हणणं मी शब्दशः करते आहे. जुन्या पद्धतीच्या चौकटीत फोटोभोवती पांढरा कागद असतो, खाली चार ओळी मावतात, मागे पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिता येतं. पत्र्यावरचा फोटो काठापासून काठापर्यंत असतो. चौकट नाही, समास नाही, काच नाही. तेच त्याचं देखणेपण समजलं जातं. पण संग्रहालयात त्या फोटोखाली जी ओळ होती ती पत्र्यावर येताना कापली जाते. नावगाव गेलं की माणसांचा नमुना होतो. रांगा, टोप्या, सावल्या, करड्याच्या छटा. मग तो भिंतीच्या रंगाशी जुळतो का एवढंच बघायचं राहतं.

ओळ किती महत्त्वाची असते याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. जॉन थॉमसन या फोटोग्राफरने लंडनच्या रस्त्यांवरच्या लोकांचे फोटो काढले आणि ॲडॉल्फ स्मिथ या पत्रकाराने त्यांच्याशी बोलून मजकूर लिहिला. दोन्ही मिळून १८७७ च्या सुमारास छापलं गेलं. त्यातला एक फोटो फार प्रसिद्ध आहे. सेंट जाइल्स भागातल्या वर्कहाउसच्या पायरीवर एक बाई दाराच्या कोपऱ्याला टेकून बसली आहे, मान कलली आहे, खांद्याशी तान्हं मूल. बघणाऱ्याला वाटतं आई आणि लेकरू, आणि त्या भावनेवरच तो फोटो आजही छापून घेतला जातो. मजकूर वाचला की कळतं की मूल तिचं नाही. ती एका शिंप्याची विधवा. मुलाच्या आईला कॉफीच्या दुकानात काम मिळालं आहे, ती दिवसभर तिकडे असते, आणि तिचं मूल सांभाळण्याच्या बदल्यात या बाईला थोडा चहा आणि पाव मिळतो. म्हणजे फोटोत जी झोपल्यासारखी दिसते ती खरं तर कामावर आहे. तिच्या मजुरीची नोंद त्या मजकुरात आहे. नुसता फोटो पत्र्यावर घेतला की ती मजुरी पुसली जाते आणि उरते फक्त कीव.

कीव विकायची कल्पनाही तेव्हापासूनची. थॉमस बार्नार्डो याने लंडनमध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम काढले. आश्रमात येण्याआधी फाटका, आल्यावर नीटनेटका, अशा मुलांच्या फोटोंची कार्डं तो विकायचा, त्यातून देणग्या यायच्या. मुलं होती त्याहून जास्त फाटकी दाखवली असा आरोप झाला. १८७७ मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं आणि लवादाने असल्या बनावट चित्रणाबद्दल त्याला दोष दिला. बार्नार्डोने मुलांसाठी काम मोठं केलं, हे मी नाकारत नाही. पण त्या काळच्या लोकांनाही हे खटकलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. "आजच्या नैतिकतेची मापं जुन्या काळाला लावू नका" असं मला कुणी म्हणेल, त्याला माझं हे उत्तर.

मला जास्त विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे. माझ्या कामावरचा एक इंग्रज सहकारी म्हणाला, "आमच्या भिंतींवर शतकानुशतकं उमराव, त्यांचे घोडे आणि त्यांचे कुत्रे टांगलेले आहेत. आता कुठे कष्टकऱ्यांचे चेहरे भिंतीवर येतायत, तर तू ते उतरवायला सांगतेस?" या बोलण्यात दम आहे. गरिबांना भिंत मिळाली पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. पण उमरावाने चित्रकार स्वतः बोलावला होता. कुठला कोट घालायचा, मागे कुठली टेकडी दिसली पाहिजे हे त्याने ठरवलं, आणि खाली पितळी पट्टीवर त्याचं नाव आहे, घोड्याचं सुद्धा आहे. भिंत मिळणं म्हणजे हे सगळं मिळणं. सेंट पॅन्क्रसच्या त्या बायकांना भिंत मिळाली ती वॉलपेपरला मिळते तशी.

चार्ली चॅप्लिन आठवा. १८९६ मध्ये तो सात वर्षांचा असताना आई आणि भावाबरोबर लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या वर्कहाउसमध्ये गेला. आईपासून वेगळं करून त्याला नंतर हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत पाठवलं. त्या शाळेतला १८९७ चा एक फोटो आहे. बारीक केस कापलेल्या मुलांच्या दाटीवाटीच्या रांगा, आणि मधोमध एक पोरगा, मान किंचित कललेली. तोच तो. तो फोटो आपण बघतो तेव्हा डोळा थेट त्या चेहऱ्यावर जातो, कारण "हा कोण?" याचं उत्तर आहे. त्याच्या डाव्या-उजव्या हाताची पोरंही तितकीच उपाशी, आईपासून तितकीच तोडलेली होती. ती जगप्रसिद्ध झाली नाहीत म्हणून आपल्या नजरेत गर्दी होऊन राहिली.

याच्या नेमकं उलट मी सिडनीत पाहिलं. आयर्लंडच्या महादुष्काळात तिथल्या वर्कहाउसमध्ये माणसं मुंग्यांसारखी मेली. त्यातल्या अनाथ मुलींपैकी ४,००० हून अधिक मुली १८४८ ते १८५० या काळात जहाजांनी ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या. त्यांचे फोटो नाहीत. सिडनीच्या हाइड पार्क बॅरक्सच्या भिंतीजवळ त्यांचं स्मारक आहे. एक साधं टेबल, स्टूल, वाडगा, आणि काचेवर कोरलेली त्या मुलींची नावं, पुसट होत जाणारी. एकही चेहरा नाही आणि तरी तिथे उभं राहिल्यावर पोटात कालवाकालव होते. मी चुलतभावाकडे गेले होते तेव्हा तिथे अर्धा तास उभी होते. नुसत्या नावांनी जे साधतं ते नुसत्या चेहऱ्यांनी साधत नाही.

आमच्या शेजारच्या आजीबाई नव्वदीला टेकल्या आहेत. वडील गेल्यावर त्यांना वडिलांचा जन्मदाखला सापडला. जन्मस्थळ: १४४ ए, ब्राउनलो हिल, लिव्हरपूल. त्यांनी तो पत्ता शोधायला सुरुवात केली, तर असं घरच नाही. तो लिव्हरपूलच्या वर्कहाउसचा झाकलेला पत्ता होता. १९०४ पासून इथल्या नोंदणी खात्याने ठरवलं, की वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर तो शब्द लिहायचा नाही, साधा रस्त्याचा पत्ता घालायचा, म्हणजे मुलाला आयुष्यभर खाली मान घालावी लागणार नाही. ज्या सरकारने ही घरं चालवली त्या सरकारलाही या शिक्क्याची लाज कळली होती. आजीबाईंच्या वडिलांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती.

त्या आजीबाईंच्या दिवाणखान्यात वर्कहाउसचा फोटो आहे. छोटासा, लाकडी चौकटीतला, नुसत्या इमारतीचा. ती इमारत १९३१ मध्ये पाडली, आता तिथे कॅथीड्रल आहे. फोटोखाली त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या आजीचं नाव लिहिलं आहे आणि ती आत गेल्याची तारीख, जी त्यांनी नोंदवह्यांतून शोधून काढली. आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा आईनं खुणेनंच विचारलं, हे काय? आजीबाईंनी पाऊण तास सांगितलं, मी मराठीत करत गेले, आणि दोघी म्हाताऱ्या शेवटी एकमेकींचा हात धरून बसल्या. माझं भांडण भिंतीवर लावण्याशी नाही, हे मी म्हणते ते यासाठी.

आईला हे सगळं परकं वाटलं नाही, त्यालाही कारण आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही रिपनला गेलो. तिथे जुन्या वर्कहाउसचं म्युझियम आहे, फाटकाजवळ भटक्यांना रात्रीपुरतं डांबायच्या कोठड्या जशाच्या तशा आहेत. खडी फोडण्याचं काम वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "हे तर आम्ही केलंय." बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यात ती दुष्काळी कामावर होती. चौदा वर्षांची. हातोडी, रिंगणात मांडलेले दगड, दुपारी सुकडी. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मी जाणते. आईच्या गावातली माणसं संध्याकाळी आपल्या घरी जात, कुणी त्यांची ताटातूट केली नाही, आणि त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. पण दगडाच्या त्या रिंगणामागे एक जुनी रेघ आहे ती लंडनमधूनच आलेली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खन आणि मद्रासमधल्या दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. तर्क तोच १८३४ चा: मदत इतकी तुटपुंजी ठेवा की ज्याला दुसरा काही आधार आहे तो येणारच नाही. मुंबई इलाख्यात हजारो माणसं ती मजुरी नाकारून कामावरून उठून गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळ संहितेत निराधारांसाठी चक्क पुअरहाउसची तरतूद आली. त्याच दुष्काळात मद्रासकडे हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना घोळक्याने बसवून फोटो काढले. ते आजही सहज सापडतात. त्यातला एखादा कुणी पत्र्यावर छापून जेवणाच्या टेबलामागे लावला, तर आपल्यापैकी किती जण घास गिळू शकतील? सेंट पॅन्क्रसच्या बायका गोऱ्या आहेत, नीट टोप्या घालून बसल्या आहेत, म्हणून त्यांच्यापुढे घास गिळता येतो. एवढाच फरक.

रिपनहून परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमचाबी काढला होता एकदा. जीपमधनं कोण साहेब आलेले. हातोड्या वर धरा म्हणाले, आम्ही धरल्या." थोड्या वेळाने: "कुठं असंल कुणास ठाऊक."

मला काय हवं आहे ते साधं आहे. हे फोटो बहुतेक संग्रहालयांत, सार्वजनिक दप्तरखान्यांत किंवा चित्रांचे परवाने विकणाऱ्या संस्थांकडे आहेत. काढणारे केव्हाच गेले, बऱ्याच फोटोंवर कुणाचा मालकी हक्क उरलेला नाही, त्यामुळे कायद्याने अडवणं कठीण आहे आणि अडवावं असंही मला वाटत नाही. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांना स्वतःच्या दुकानापुरता नियम करता येतो: वर्कहाउसमधल्या माणसांचा फोटो छापून द्यायचा असेल तर ठिकाण, साल आणि ती माणसं तिथे का होती ही ओळ फोटोचा भाग म्हणूनच छापली जाईल, कापता येणार नाही अशी. शाई लेपात मुरवता येते तर चार शब्दही मुरवता येतात. काठापासून काठापर्यंतचं देखणेपण दोन बोटं कमी होईल, होऊ दे. छापून देणाऱ्या दुकानांनी असे फोटो स्वयंपाकघर, न्हाणीघर, हॉटेल अशा सजावटीच्या याद्यांतून काढावेत. आणि घेणाऱ्याने भिंतीच्या रंगाआधी आईचा प्रश्न विचारावा. उत्तर शोधायला आज पाच मिनिटं लागतात. शोधल्यावरही लावावंसं वाटलं, तर जरूर लावावं. तेव्हा तो निर्णय वेगळा असेल आणि भिंतीवरची जागाही बहुधा वेगळी असेल.

"म्हणजे आता भिंतीवर फुलंच लावायची का?" असं मला त्याच सहकाऱ्याने विचारलं. नाही. मला ह्या बायका भिंतीवर हव्या आहेत. सेंट पॅन्क्रस वर्कहाउसच्या आवारात नंतर हॉस्पिटल झालं. तिथल्या रुग्णांच्या बसायच्या जागेत हा फोटो भिंतभर लावावा, खाली लिहावं, आणि वर्कहाउसच्या नोंदवह्यांतली त्या वर्षीची नावं शेजारी छापावीत. कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते कधीच जुळणार नाही, तरी छापावीत. शाळांत लावावा. जिथे म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर वाद होतात तिथे लावावा, कारण १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळायला लागले तेव्हा कुठे अशा बायकांना त्या दाराशिवाय दुसरी वाट दिसली.

आई परत गेली. फोनवर दोनदा विचारून झालं, "त्या बायका आहेत का गं अजून तिथं?" आहेत. मालकीणबाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो उतरवणार नाही म्हणाल्या, पण खाली कार्ड लावायला तयार झाल्या. ते मलाच लिहायला सांगितलं आहे. ठिकाण लिहिलं, साल लिहिलं, त्या काय खायच्या, काय काम करायच्या ते दोन ओळींत बसवलं. किती जणी आहेत तेही लिहावं म्हणून काल दुकान बंद व्हायच्या वेळी मोजायला उभी राहिले. पुढच्या रांगांतले चेहरे बोट ठेवून मोजता येतात. मागे मागे टोप्याच उरतात, आणि त्याही मागे नुसते पांढरे ठिपके. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.